यमूआत्या हयात असल्याबाबत

यमूआत्या कानात काही सांगायला लागली की ते गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या इस्त्रीवाल्यालासुद्धा ऐकू जायचं. तिला स्वतःला ऐकू येत नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कसल्याशा तापानं कान गेले आणि त्यांच्यासोबत आवाजाचा अंदाजही गेला. लग्नाच्या मांडवात ती माझ्या शेजारी बसायची, तोंडावर पदर धरायची, अगदी खाजगीत नवरदेवाच्या टकलाबद्दल काहीतरी सांगायची, आणि भटजी मंगलाष्टक अर्धवट सोडून आमच्याकडे बघायचे. मी लगेच चप्पल शोधत असल्यासारखा खाली वाकायचो. माझ्या आयुष्यातला बराच काळ मी आत्याशेजारी बसून चप्पल शोधण्यात घालवला आहे.

ऐकू येत नसलं तरी तिला कळत सगळं होतं. बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवून ती त्याचं बोलणं उचलायची. कुणी पुटपुटलं किंवा तोंड फिरवून बोललं की सरळ त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवायची, मग तो बँकेतला साहेब असो की आमचा जावई. "काय ते तोंडानं सांग बाबा," म्हणायची, "मनातलं मला ऐकू येत न्हाई."

माझा धंदा विम्याचा. नांदेडात मला ओळखणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेचसे मला बघून रस्ता ओलांडतात. आत्या माझी ओळख करून द्यायची ती अशी : "हा माझा भाचा बब्या. ह्याच्याकडं पैसे भरले की माणूस मरायला मोकळा."

ती देवणीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. नवरा लवकर गेला. निवृत्त झाल्यावर लातूरला दोन खोल्यांच्या घरात एकुलत्या एका मुलाजवळ, दिगंबरजवळ, राहायला गेली. दिगूचं तिथं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, भागीदारीतलं. एका दुपारी भागीदाराशी भांडण झालं, शब्दाला शब्द लागला, आणि दिगूनं हातातला लोखंडी पाना त्याच्या डोक्यात घातला. तो माणूस दवाखान्यात पोचलाच नाही. दिगूला जन्मठेप झाली आणि त्याला लांबच्या एका मोठ्या तुरुंगात नेलं. त्या तुरुंगाचं नाव मी इथं लिहीत नाही. नावानं काही फरक पडत नाही.

आमच्या घराण्यानं दिगूला सुरतेला धाडून दिलं. म्हणजे कुणी विचारलं तर तसं सांगायचं ठरलं. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलाच्या वडिलांनी चहा पिता पिता सहज विचारलं की आत्याबाईंचे चिरंजीव कुठं असतात. मी 'सुरत' म्हणायला तोंड उघडलं. आत्यानं माझे ओठ वाचले.

"सुरत न्हाई," ती म्हणाली. "तुरुंगात हाय. खून केलाय त्यानं."

मी चप्पल शोधायला लागलो. चप्पल बाहेर होती. ते लग्न झालं हा त्या लोकांचा मोठेपणा. ते गेल्यावर मी आत्यावर चिडलो, तोंड नीट तिच्याकडे करून चिडलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या मेलेल्या पोराची आई लातुरातच राहती, बब्या. तिचं पोरगं तिला कार्ड लिहीत न्हाई. माझं लिहितं. मला देवानं जरा जास्तच ठेवलंय. त्याच्यावर आणखी खोटं कशाला बोलू?"

कार्ड म्हणजे पोस्टकार्ड. तुरुंगात कैद्यांसाठी फोन आले होते, पण बहिऱ्या बाईला फोनचा काय उपयोग? गुडघे धरल्यामुळे प्रवासही होत नव्हता. वर्षातून एकदा मी तिला मुलाखतीला घेऊन जायचो तेवढंच. बाकी सगळं मायलेकरांचं चालायचं ते कार्डावर. ती फळ्यावर लिहावं तसं टपोरं अक्षर काढायची. देवणीच्या बाजारात कसली बैलजोडी आली होती, शेजारच्या सुनेला काय झालं, नळाला पाणी कधी आलं, असलं सगळं लिहायची. दिगूचं उत्तर आलं की ओट्यावर बसून मोठ्यांदा वाचायची. तिच्या मते ती मनात वाचत असायची. तुरुंगात वांग्याची भाजी कच्ची राहिली हे लातूरच्या त्या गल्लीतल्या लहान पोरांनाही माहीत असायचं.

मग तिच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि ऑपरेशनसाठी ती नांदेडला माझ्याकडे आली. डोळ्याला पट्टी, मान खाली घालायची नाही, म्हणून त्या आठवड्याचं कार्ड माझ्या गळ्यात पडलं. "तुझं तू लिही," ती म्हणाली, "माझ्यावाणी करायला जाऊ नको." मी लिहिलं. ते कार्ड मला तोंडपाठ आहे, कारण पुढं ते कोर्टापर्यंत गेलं :

'चि. दिगंबर, परवा आत्याचं ऑपरेशन झालं. त्रास काही झाला नाही. आता शांत पडून आहे. जवळची सगळी माणसं येऊन गेली. आमच्या मागच्या भिंतीला भगदाड पडलंय, अमावस्या झाली की गवंडी येणार आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. बबन.'

यात भिंत कशाला आली असं विचाराल, तर कार्डावर जागा उरली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळा देश बंद झाला. आत्या माझ्याकडेच अडकली. माणसांच्या तोंडांवर पट्ट्या आल्या आणि आत्या त्या दिवसापासून खरी बहिरी झाली. भाजीवाला, डॉक्टर, शेजारीण, कुणाचेच ओठ दिसेनात. दारात उभी राहून ती नुसते डोळे बघत राहायची. घरात आम्ही उघड्या तोंडानं बोलायचो, तर माझी बायको मंगल सांगायची की आत्याबाई आता तुमच्या तोंडाकडे अशा बघतात, जसं तहानलेलं माणूस घागरीकडे बघतं.

डोळा बरा झाल्यावर तिनं परत स्वतःच्या हातानं कार्डं लिहायला घेतली. दिगूचं उत्तर मात्र येईना. आधी आम्ही पोस्टाला दोष दिला. गाड्या बंद, सगळंच बंद. पोस्ट सुरू झालं तरी उत्तर आलं नाही. पोस्टमन दिसला की आत्या पायऱ्या उतरून खाली जायची आणि हात हलवत वर यायची.

अशात एका सकाळी फाटकाशी एक माणूस आला. तोंडाला गमछा गुंडाळलेला. चप्पल बाहेर काढून तो पायरीवर बसला. मग म्हणाला की त्याचं नाव किशन, गाव हदगाव. तुरुंगात गर्दी नको म्हणून काही जणांना रजेवर सोडलं होतं, त्यात तो सुटला. दिगूच्याच बराकीत होता. माझा पत्ता दिगूनं दिला होता.

"बाईंचं कळलं," तो म्हणाला. "दिगूभाऊनं इचारलंय, दहाव्याला कावळा शिवला का म्हणून."

मला वाटलं हा दुसऱ्याच कुणाच्या घरी आलाय. मी कोणत्या बाई, असं विचारतोय तेवढ्यात आत्या सुपात तुरीच्या शेंगा घेऊन बाहेर आली. कोण आलंय, त्याला पाणी दे, असं म्हणत तिनं त्याच्याकडे बघितलं. किशननं तिला कधी बघितलेलं नव्हतं. तिनं त्याला लांबूनच खूण केली की तोंडावरचं काढ आणि बोल. त्यानं गमछा खाली ओढला आणि तेच परत सांगितलं. दिगूच्या आईचं दुःख कळलं, म्हणाला. अशा रीतीनं आत्यानं स्वतःच्या मरणाची बातमी एका परक्या माणसाच्या ओठांवरून वाचली.

ती सूप मांडीवर घेऊन खाली बसली. म्हणाली, "मीच दिगूची आई. सांग तू."

किशन उठून उभा राहिला, परत बसला, आणि मग त्यानं सांगितलं. कार्ड आलं तेव्हा त्याचा कोपरा फाटलेला होता. आता पोरांना सांगावं लागतं, पण आमच्या पिढीत कार्डाचा कोपरा फाटलेला दिसला की पुढचं वाचायच्या आधी बायका रडायला लागायच्या. मयताचं कार्ड तसंच कोपरा फाडून टाकायची रीत. दिगूनं कोपरा बघितला. अक्षर आईचं नव्हतं. आणि मधल्या मधल्या ओळी काळ्या शाईनं खोडलेल्या होत्या. तुरुंगातल्या कचेरीत पत्रं तपासतात, संशय येईल ते खोडतात. 'ऑपरेशन' खोडलं होतं. भिंत, भगदाड, अमावस्या, गवंडी, सगळं खोडलं होतं. मी किशनला मध्येच थांबवलं आणि उरलेलं मनात वाचून बघितलं. 'परवा आत्याचं' आणि मग काळं, आणि मग 'झालं. त्रास काही झाला नाही. आता शांत पडून आहे. जवळची सगळी माणसं येऊन गेली. तू मनाला लावून घेऊ नकोस.'

इतकी वर्षं विम्याच्या धंद्यात मी मरणावर पुष्कळ बोललो आहे, पण इतकं चोख मला कधी जमलं नव्हतं.

दिगूनं मिशी काढली, किशन सांगत होता. दहाव्याला जेवणातला भात बाजूला ठेवला, त्याचा पिंड केला आणि अंगणाच्या भिंतीवर ठेवून दुपारपर्यंत उभा राहिला. कावळा आला नाही. आईचा जीव कशात तरी अडकलाय, माझ्यातच अडकला असंल, असं म्हणत राहिला. नांदेडला गोदावरीवर तरी शिवला का, एवढं विचारून ये, म्हणाला.

आत्या शेंगांकडे बघत होती. मला वाटलं, तिला शेवटचं कळलं नाही. पण कळलं होतं.

"कावळा कसा शिवंल," ती म्हणाली, "मी हितं जेवून राहिले."

किशन हसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्या हसली नाही. तिनं एकच विचारलं, लई रडला का? किशननं मान हलवली. ती म्हणाली, "मग लवकर कळवाय पाहिजे."

लवकर कळवायचं ठरलं खरं, पण कसं? मुलाखती बंद होत्या, आणि किशनची रजा कधी संपेल ते त्यालाच माहीत नव्हतं. आतून बाहेर फोन करता यायचा, बाहेरून आत नाही, आणि आई बहिरी म्हणून दिगूनं कुणाचाच नंबर नोंदवलेला नव्हता. मी तुरुंगाच्या कचेरीत फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. तुमची पत्रं तपासणीत असतील, अर्ज करा, म्हणाला. अर्ज कुठं द्यायचा विचारलं तर म्हणाला, पोस्टानं पाठवा.

आत्यानं मग स्वतःची युक्ती काढली. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याची नक्कल तिच्या पिशवीत होती. "सरकारला पटतं मी जिवंत हाय म्हणून," ती म्हणाली, "मग सरकारच्या तुरुंगाला का पटू नये?" तिनं दाखला पाकिटात घातला आणि वर ठळक अक्षरात विषय लिहिला : यमुनाबाई हयात असल्याबाबत. काही दिवसांनी पाकीट परत आलं. वर शेरा होता की सदर कागद कैद्याच्या प्रकरणाशी संबंधित नाही.

तो शेरा तिनं दोनदा वाचला. कान गेल्यापासून मी पहिल्यांदा तिला हळू आवाजात बोलताना ऐकलं. म्हणाली, "बब्या, वकील बघ."

वहीद वकील आमच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांच्या घरात वकिली आजोबांपासून चालत आलेली. त्यांनी अंगणात लांब लांब खुर्च्या टाकल्या, आत्या येताच तोंडावरची पट्टी काढून खिशात घातली आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, बाई, फिकर करू नका. कैदी झाला म्हणून माणसाचे सगळे हक्क जात न्हाईत, पत्र मिळणं हा हक्क हाय, आपण खंडपीठात जाऊ. फक्त वकीलपत्रावर दिगंबरची सही लागेल. वकीलपत्र आम्ही पोस्टानं तुरुंगात पाठवलं. तेही आतच राहिलं.

आम्ही परत अंगणात बसलो. वहीद वकील डोकं खाजवत होते. आत्यानं त्यांना विचारलं की एवढी त्याची सही कशाला पाहिजे.

"हक्क त्याचा हाय ना, बाई."

"त्याचा त्याच्याजवळ राहू द्या. कार्ड माझं हाय," आत्या म्हणाली. "मी पेटीत टाकलं, ते त्याला न्हाई मिळालं. माझं कार्ड कुठं गेलं ते मी इचारते."

वकिलांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मांडून बघू, म्हणाले. अर्जदार म्हणून आत्याचं नाव लागलं. तिच्या ओळखीचा पुरावा म्हणून हयातीचा दाखला जोडला, आणि ती बाई त्या कागदाकडे बघून पहिल्यांदा समाधानानं हसली.

सुनावणी हिवाळ्यात झाली, वहीद वकिलांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. कोर्ट तेव्हा तसंच चालायचं. मी आत्याला बजावून ठेवलं होतं की काहीही झालं तरी बोलायचं नाही. पडद्यावर चौकोन उघडले आणि आत्या खुर्चीत पुढं सरकली. जज्जसाहेब, सरकारी वकीलबाई, सगळे आपापल्या खोल्यांत बसलेले होते, कुणाच्याच तोंडावर पट्टी नव्हती. कितीतरी महिन्यांनी तिला एकदम इतकी परकी माणसं ऐकू येत होती. ती एकेकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती, आणि केस तिची आहे हे विसरून मी तिच्याचकडे बघत बसलो.

सरकारी वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी सांगितलं की पत्रातला मजकूर संशयास्पद होता, भगदाडाचा आणि अमावस्येचा उल्लेख होता, म्हणून तेवढा भाग खोडला आणि पुढची पत्रं तपासणीसाठी बाजूला ठेवली. नंतर साथीमुळे माणसं कमी होती, ती तशीच राहिली. जज्जसाहेबांनी कार्डाची नक्कल मागवली होती. त्यांनी उरलेल्या ओळी मोठ्यांदा वाचल्या. मग कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय?

"कचेरीत पत्रं तारेत खोचून ठेवतात. काढताना फाटलं," वकीलबाई म्हणाल्या. मग त्यांनी आणखी सांगितलं, "त्याचा काही अर्थ होतो हे तिथल्या मुलाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं."

बाईंनी ते प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांचं बोलणं संपताच आत्या बोलली. तिच्या मते ती मला कानात विचारत होती की आता मी बोलू का. खंडपीठाला ते व्यवस्थित ऐकू गेलं. मी टेबलाखाली वाकलो. जज्जसाहेब म्हणाले, बोला आजी.

आत्या उभी राहिली. वर्गात साहेब आल्यावर शिक्षक उभे राहतात तशी.

"साहेब, तुमाला जे खोडायचं ते खोडा, त्याचा मला राग न्हाई. माझ्या पोरानं गुन्हा केलाय, तुमी तपासणारच. पण खोडलं तर त्याला सांगा की हे आमी खोडलंय. अन् मी हाय, एवढं तरी राहू द्या."

आदेश त्याच दिवशी झाला. पत्र थोड्या दिवसांत कैद्याला द्यायचं. खोडलं तर बाजूला कारण लिहून सही करायची. अडवलं तर कैद्याला तसं सांगायचं. घरातल्या आजाराची किंवा मृत्यूची बातमी असेल तर अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन, त्याच दिवशी, तोंडी सांगायची. आणि अर्जदार हयात असल्याचं तिच्या मुलाला आजच कळवायचं, असं शेवटी होतं. वहीद वकिलांनी ते आत्याला ओठ मोठे मोठे करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हयात शब्द घातलाय का? बरं केलं."

पुढच्या आठवड्यात तुरुंगानं पडद्यावर भेट घडवली. दिगू येऊन बसला. चांगला पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण मिशीशिवाय तो मला शाळेतला दिगू वाटला. त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि त्याच्यानं बोलवेना. आत्या त्याच्या ओठांकडे बघत होती.

"मिशी ठेव आधी," ती म्हणाली. "मी जित्ती असताना असा बोडका ओठ घेऊन हिंडू नको."

तो काहीतरी म्हणाला. आवाज नीट येत नव्हता, मला काही कळलं नाही. आत्याला कळलं. काय म्हणाला ते मी विचारलं तर तिनं सांगितलं नाही. "मला ऐकू आलं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर कार्डं सुरू झाली. कधी एखादी ओळ खोडलेली असायची, बाजूला सही आणि कारण. दिगू ती कारणं आईला कळवायचा आणि आत्या त्यांवर खूश असायची. एकदा तिनं कार्डाच्या तळाशी दोन बोटं जागा कोरी सोडली आणि लिहिलं : ही जागा तपासणाऱ्या साहेबांसाठी, त्यांनीही ख्यालीखुशाली लिहावी. कुणी लिहिलं नाही. पण ती ओळ खोडलीही नाही.

दुसरी लाट आली तेव्हा आत्या लातूरला परत गेलेली होती. ताप आला, दम लागला, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. मी नांदेडहून पोचेपर्यंत तिला आतल्या वॉर्डात नेलं होतं, आणि आत कुणाला सोडत नव्हते. तिथं सगळे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. नर्स, डॉक्टर, झाडूवाले, कुणाचंच तोंड दिसायचं नाही. मी एका नर्सबाईला हात जोडून सांगितलं की ह्यांना ऐकू येत नाही, काय असेल ते कागदावर लिहून दाखवा. त्या बिचारीनं दाखवलंही असेल. खाटा किती आणि त्या किती. ज्या बाईनं इतकी वर्षं समोरच्याची हनुवटी धरून त्याला आपल्याकडे वळवून घेतलं, ती अशा जागी गेली जिथं एकही ओठ दिसत नव्हता. त्याच्याबद्दल मला इतकंच लिहिता येतं.

दिगूला मी कार्ड लिहिलं नाही. लिहायला बसलो होतो. माझ्या अक्षरात 'आत्या' एवढा शब्द लिहिला आणि पुढं हात चालेना. शेवटी तुरुंगाच्या कचेरीत फोन करून ती गेल्याचं सांगितलं.

मुलाखती सुरू झाल्यावर मी गेलो. मध्ये काच, दोन्ही बाजूंना फोन. दिगूनं मिशी ठेवलेली होती. मी रिसीव्हर उचलला आणि विमा एजंटाला येतात ती सगळी वाक्यं मला येईनाशी झाली. तोच बोलला.

"मला कळलं, बबनदादा. साहेब स्वतः आले होते बराकीत. त्याच दिवशी. म्हणले, आता तसा नियम हाय."

मी मान हलवली. तो नियम कुणामुळे झाला हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी विचारलं की रजेचा अर्ज का केला नाहीस. तो म्हणाला, येऊन काय करू? मग बराच वेळ तो काचेवर बोटानं रेघा ओढत राहिला. पलीकडच्या खिडकीत कुणाचं तरी लेकरू बापाला पाढे म्हणून दाखवत होतं.

"एक सांगू का दादा," दिगू म्हणाला. "मागं ते कार्ड आलं तवा मी लई रडलो. दहा दिवस. सगळं काढून टाकलं आतून. ते खोटं होतं, पण रडणं खरंच होतं की. आता आई खरी गेली अन् रडू येईना झालंय. मी बसून वाट बघतो. येतच न्हाई. तिला काय वाटत असंल?"

वेळ संपल्याची घंटा झाली. मी घाईघाईनं म्हणालो की मला लिहीत जा, मी उत्तर देईन. तो थोडं हसला, तुझं अक्षर वाचायला तपासणारे साहेब पण दमतात, म्हणाला.

तो लिहायला लागला, मीही लिहायला लागलो. मी जेवणाचं, पाण्याचं, मंगलच्या गुडघ्यांचं लिहितो, तो बराकीतलं लिहितो. आईचा उल्लेख दोघंही करत नव्हतो.

परवा त्याचं कार्ड आलं. चारी कोपरे शाबूत, कुठंही खोडलेलं नाही. उभ्या उभ्याच वाचलं. दोनच ओळी होत्या.

'बबनदादा, काल रडू आलं. जेवणाच्या रांगेत उभा होतो. मागच्या माणसानं माझी ताटली धरली.'